नदीवरचे काका

माझा बाप गेला, त्याच्या दहाव्याला मी डोकं भादरलं, मिशी काढली, आणि त्याच सकाळी माझ्या पोरीचा बाप हरवला. असं सांगितलं की लोकांना वाटतं, हा काहीतरी वाढवून बोलतोय. वाढवून बोलायचा माझा स्वभाव नाही. झालं ते एवढंच झालं, आणि ते निस्तरायला पुढं दोन महिने गेले.

आम्ही शिरूरला राहतो, गावाच्या जरा बाहेर, नदीच्या अंगाला. थोडी शेती आहे, ती आबा बघायचे. आबा म्हणजे माझे वडील. मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पोरगी तेव्हा सात वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे हे कळून तीन वर्षं झाली होती. बायकोचं माहेर दौंड तालुक्यातलं, खुटबाव, आणि अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई दौंडला मिळाल्या. म्हणून शुक्रवारी माहेरी जायचं आणि शनिवारी बाईंकडं, असं आमचं बसून गेलं होतं.

या बाईंनी मला एकदा समोर बसवून सांगितलं होतं, "तुमची मुलगी चेहऱ्यावरून माणूस ओळखत नाही. खुणांवरून ओळखते. सगळ्याच मुलांचं असं नसतं, पण हिचं आहे." मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण बाप मी आहे. लांबून मला बघितलं तरी ती पळत येते. आता कशाला बघून पळत येते, हे बघायची मला कधी गरज वाटली नव्हती.

तसं एकदा डोळ्यासमोर घडलंही होतं. कंपनीची बस आम्हाला हायवेच्या चौकात सोडते. त्या दिवशी बायको पोरीला घेऊन चौकात आली होती. आम्ही वीसेक जण उतरलो, सगळे निळ्या शर्टात. माझ्यापुढं आमच्याच लाइनवरचा एक जण होता, मिशी माझ्यासारखीच झुपकेदार. पोरगी धावत गेली आणि तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली. तो बिचारा दोन्ही हात वर करून उभा. सगळे हसले, मीही हसलो. "काय राव, पोरगी पळवता का माझी?" असं काहीतरी बोललोही. घरी येताना बायको म्हणाली, "बाई काय म्हणाल्या होत्या, आठवतंय का?" मी म्हटलं, "गर्दीत होतं गं असं." आणि विषय बंद केला.

आमच्याकडं आणखी एक खोड आहे. लहान पोर दिसलं की "ओळखलंस का मला? सांग मी कोण?" हे विचारल्याशिवाय पाहुण्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. माझी पोरगी तेव्हा खाली त्यांच्या पायांकडं बघायची, मग हाताकडं, मग आवाज यायची वाट बघायची. बरोबर सांगितलं की सगळे खूश. चुकलं की माझी आई म्हणायची, "लाजतीय ती." आम्ही सगळे मिळून तिला लाजाळू म्हणत राहिलो.

आबा एका सकाळी चहा पिऊन अंगणात बसले आणि बसल्या जागी गेले. पोरीला शेजारी पाठवलं. ती आली तेव्हा आबांची खाट रिकामी होती. "आबा कुठंयत?" म्हणून तिनं विचारलं, तर कुणीतरी सांगितलं, "नदीवर नेलं." ते खरंच होतं. तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि कुणी काही सांगितलंही नाही.

दहावा म्हणजे आमच्या भागात निम्मी सभाच असते. सकाळी सातला घाटावर मंडप, स्पीकर, महाराजांचं प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. ज्या पुढाऱ्याला आबांचं आडनाव चिठ्ठीत बघून वाचावं लागलं, तोही म्हणाला, तालुक्याचा आधार गेला. मंडपामागं न्हावी बसले होते. भावकीतले आम्ही चौदा जण ओळीनं खाली मान घालून बसलो. मिसरूड फुटल्यापासून मी मिशी एकदाही काढली नव्हती. बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते, हे आमच्यात सांगावं लागत नाही. काम झाल्यावर न्हाव्यानं आरसा पुढं धरला, तेव्हा मी स्वतःच दचकलो. वरचा ओठ एवढा पांढरा असेल असं वाटलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा पोरगी ओसरीवर कपड्यांच्या चिमट्यांची रांग लावत होती. मी म्हटलं, "चिमणे, काही खाल्लंस का?" तिनं वर बघितलं. माझ्यामागं चुलतभाऊ, पुतणे, सगळे तसेच गोटा केलेले, पांढऱ्या कपड्यांतले. ती उठली, एकेक चिमटा गोळा केला आणि आत गेली. आतून तिचा आवाज आला, "मम्मी, नदीवरून काका आलेत. पप्पा नाही आले."

पहिल्यांदा आम्ही हसण्यावारी नेलं. चुलतभावानं तर माझ्या टकलावरून हात फिरवून दाखवला, "हाच बघ तुझा बाप." तिनं बघितलं आणि कानांवर हात ठेवले. मी बोलायला लागलो की ती जास्तच घाबरायची. बायकोला ती म्हणाली, "हे काका पप्पांसारखं बोलतात." तिच्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो, हे आता कळतं. तेव्हा मला राग आला होता. दोन दिवस मी तिच्यामागं "अगं मीच पप्पा" म्हणत फिरलो आणि तिसऱ्या दिवशी तोल सुटला. जोरात ओरडलो, "डोळे फुटले का तुझे? बाप आहे मी तुझा!" ती खाटेखाली गेली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. बायको माझ्याशी बोलेना. मला माझीच लाज वाटली, पण ते बोलून दाखवण्याइतका शहाणपणा तेव्हा नव्हता.

मग उपाय सुरू झाले. आईनं मीठ-मोहरी उतरून टाकली. पुतण्यानं मोबाइलमधला माझा जुना फोटो दाखवला. फोटोत पप्पा आहेत हे तिनं लगेच सांगितलं. पण फोटो माझ्याजवळ धरला की दोन्हींकडं बघून ती म्हणायची, "हे नाहीत." शाळेच्या गॅदरिंगला पोरांना काजळानं मिशा काढतात, तशी मी आरशासमोर बसून मिशी काढली. चांगली झुपकेदार काढली. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं बराच वेळ बघितलं आणि आतून फडकं आणून दिलं. "काका, तोंडाला काळं लागलंय."

तेराव्याला सासुरवाडीची माणसं टॉवेल-टोपी घेऊन आली, दुखवटा निघाला आणि मी कामावर रुजू झालो. मला वाटलं, निळा शर्ट बघितला की ओळखेल. संध्याकाळी शर्ट घालून दारात उभा राहिलो. ती माझ्यासमोर आली, शर्टाचं बटण धरलं आणि म्हणाली, "हा पप्पांचा आहे. काढा." मी म्हटलं, "बाळा..." ती म्हणाली, "काढा. पप्पांना लागतो." मी दारातच शर्ट काढला. तिनं नीट घडी करून तो कपाटात ठेवला. त्या दिवसापासून मी शर्ट शेजाऱ्यांच्या घरी बदलून बनियनवर घरी यायचो.

गाडीचंही तेच. मोटारसायकल पप्पांची, काकांनी बसायचं नाही. त्या शुक्रवारी ती आणि बायको माहेरी जायला एसटीनं चौफुल्याकडं निघाली आणि मी एसटीच्या मागून गाडीवर, डोक्याला टोपी घालून. न्हावरे गावाच्या पुढं ती मागच्या काचेतून बाहेर बघत होती. तिला गाडी दिसली असणार, कारण तिनं बायकोला हलवून काहीतरी सांगितलं. बायको नंतर म्हणाली, "गाडी सापडली म्हणत होती. नदीवरच्या काकांनी नेली म्हणाली."

दुसऱ्या दिवशी ती दौंडच्या बाईंकडं खेळत असताना, एवढ्या दिवसांत जे तिनं बायकोलाही विचारलं नव्हतं, ते मला विचारलं. मी बाकावर बसलो होतो. ती जवळ आली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, तुम्ही नदीवरून आलात ना? तिथं माझे पप्पा आहेत का? आबांबरोबर गेलेत का?"

म्हणजे एवढे दिवस पोरगी बाप गेल्याचं दुःख एकटीनं करत होती. आबा नदीवर गेले, आले नाहीत. पप्पा नदीवर गेले, आले नाहीत. आणि मी तिच्यासमोर बसून "ओळख, ओळख" म्हणून तिला ओरडत होतो. मी उठून बाहेर गेलो, भिंतीआड उभा राहिलो आणि बायकोच्या मोबाइलवर फोन लावला. काय सुचलं कुणास ठाऊक. बायकोनं फोन तिच्या कानाला लावला.

"चिमणे, पप्पा बोलतोय."

"पप्पा!" ती ओरडली. "कुठंयत तुम्ही?"

"कामावर आहे. लांब आहे जरा."

"तुमचा शर्ट मी ठेवलाय. गाडी नदीवरच्या काकांकडं आहे. तुम्ही कधी येणार?"

मी म्हटलं, "मिशी आल्यावर." ती म्हणाली, "बरं." तिला हे उत्तर पुरलं. बाप मेलेला नाही, एवढं तिला कळलं, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. भिंतीच्या पलीकडून तिचं हसणं मला दोनदा ऐकू येत होतं, एकदा फोनमधून आणि एकदा खरं.

बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता पप्पा व्हायचं सोडून द्या. काका म्हणून राहा. नव्यानं ओळख होऊ दे."

मी चिडलोच. "म्हणजे माझ्याच घरात मी पाहुणा म्हणून राहू?"

"राहा की," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं पाहुण्याला निदान 'बसा' तरी म्हणतात."

मग मी पाहुणा झालो. रोज संध्याकाळी शेताच्या बांधावर जाऊन घरी फोन करायचा, पप्पा म्हणून बोलायचं, मग घरी येऊन काका म्हणून ओसरीवर बसायचं. आई कपाळाला हात लावायची. "आबा असतं तर काय म्हनलं असतं? बाप आन् लेकीत फोन!" पण चहा मात्र मला ओसरीवरच आणून द्यायची.

काका म्हणून बसण्यात एक अडचण होती. पप्पा होतो तेव्हा काम सोपं होतं. यायचं, उचलायचं, गाडीवर एक चक्कर मारायची, बिस्किटाचा पुडा द्यायचा, झाला बाप. काकांना उचलता येत नव्हतं. काकांनी दोन हात लांब बसायचं आणि वाट बघायची. त्या दिवसांत आई बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. पोरगी तिच्याजवळ बसून शेंगा निवडायची. मीही मूठभर घेऊन बसलो. चार दिवस तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पाचव्या दिवशी माझ्या ढिगातली एक शेंग उचलून बाजूला ठेवली. तीन दाण्यांची होती ती. तिला तीन दाण्यांच्या वेगळ्या लागतात, हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आधीच वेगळ्या काढून ठेवल्या. तिनं त्या मोजल्या आणि आपला ढीग माझ्या ढिगाजवळ सरकवला.

तिथून पुढं बरं चाललं. मी कमी बोलायचो, कारण माझा आवाज तिला नको असायचा. कमी बोलल्यावर बरंच दिसायला लागलं. तिला वाऱ्यानं हलणारी दोरी आवडते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती कान झाकते, झाल्यावर नाही. खूश असली की ती उजव्या पायाच्या टाचेवर उभी राहते. एकदा फोनवर तिनं पप्पांना सांगितलं, "नदीवरचे काका चांगले आहेत. शेंगा नीट फोडतात." फोनवर मी म्हटलं, "हो का?" मला स्वतःचाच हेवा वाटला.

दीड महिन्यात मिशी आली, केसही आले. एका संध्याकाळी मी निळा शर्ट शेजारी न बदलता तसाच घरी आलो. ती अंगणात होती. तिनं बघितलं आणि "पप्पा आले!" म्हणून धावत येऊन कमरेला मिठी मारली. बायको रडली. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. पोरीनं कपाटातून दुसरा शर्ट आणून दिला, घडी केलेला. मी तिला गाडीवर चक्कर मारून आणली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं ओसरीवर शेंगा मांडल्या, दोन ढीग केले आणि फाटकाकडं बघत बसली. मी दुसऱ्या ढिगापाशी बसायला गेलो तर म्हणाली, "तिथं नको. काकांची जागा आहे." मी म्हटलं, "काका म्हणजे मीच गं." ती म्हणाली, "त्यांना मिशी नव्हती." अंधार पडेपर्यंत ती तशीच बसली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तिनं मला विचारलं, "पप्पा, काका परत नदीवर गेले का?"

आबा गेले, बाप गेला, बाप आला तर काका गेले. एका घरातून किती माणसं नेणार नदी, असं तिला वाटत असणार. मी ठरवलं, आता तिच्यादेखत मिशी काढायची. एकदम नाही, थोडी थोडी, तिच्या डोळ्यांसमोर. बायको हो म्हणाली. आई मात्र उसळली.

"परत कोन मेलं रं? मी अजून जिती हाय. आई जिती असताना उगाच मिशी काढतोस व्हय? चार मानसं विचारतील, कुनाचं सुतक हाय म्हनून. काय सांगू?"

"पोरीसाठी काढली म्हणून सांग."

"असं कुनी सांगतं का? मी न्हाई बघनार जा." ती स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून बसली.

रविवार होता, सकाळची वेळ. ओसरीच्या खांबाला आरसा अडकवला आणि पोरीला स्टुलावर बसवलं. तिला म्हटलं, "चिमणे, बघ हां. नदीवरचे काका कुठून येतात ते दाखवतो." तिला हात लावू दिला मिशीला. मग फेस लावला, तोही तिनं बोटानं बघितला. एका बाजूनं सुरुवात केली. थोडं काढायचं, पाण्यानं धुवायचं, तिला दाखवायचं. निम्मी मिशी गेली तेव्हा मी थांबलो आणि तिच्याकडं तोंड केलं.

ती खूप वेळ बघत राहिली. मग तिनं तळहातानं माझा मोकळा ओठ झाकला. "पप्पा." हात पलीकडं नेऊन मिशी झाकली. "काका." परत इकडं, परत तिकडं, सात-आठ वेळा. शेवटी दोन्ही हात खाली घेतले.

"एकच माणूस आहे," ती म्हणाली.

"एकच आहे."

"म्हणजे पप्पा गेलेच नव्हते."

"नव्हते गेले. तुझ्यासमोर शेंगा फोडत होते."

ती स्टुलावरून उतरली आणि उजव्या टाचेवर उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं की मी बायकोकडं बघून हसलो. तेवढ्यात रस्त्यानं कुणी एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता. ओळखीचा नव्हता. पोरगी फाटकापर्यंत गेली, त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि परत आली.

"पप्पा, आबा पण नदीवर गेले होते. ते आता कसे दिसतात?"

"काय?"

"आबा आता कसे दिसतात ते सांगा. म्हणजे आले की मला ओळखता येतील."

माझ्या हातातला वस्तरा पाण्यात पडला. दहाव्याला स्पीकरवरून आबांबद्दल एवढं ऐकलं, त्यातलं काही मला लागलं नव्हतं. हे लागलं. निम्मी मिशी आणि तोंडाला फेस, तसाच मी पायरीवर बसून रडलो. पोरीला उत्तर हवं होतं, ती उभीच होती. मग मी तिला सांगितलं, "आबा मेलेत, बाळा. आपण त्यांना जाळलं. ते आता कसेच दिसणार नाहीत. दुसरा कुणी माणूस आबा नाही. तू ओळखायला चुकली नाहीस."

"बरं," ती म्हणाली. मग पाण्यात हात घालायला लागली, तर मीच घाईनं वस्तरा काढला. ती म्हणाली, "परत मिशी काढाल तेव्हा आधी मला सांगा. न सांगता नदीवर जाऊ नका."

"सांगेन," मी म्हटलं.

स्वयंपाकघराच्या दारातून आई केव्हा उठून आली ते कळलं नाही. तिनं पोरीला पोटाशी धरलं नाही, पोरीला ते आवडत नाही. पदरानं माझ्या तोंडावरचा फेस पुसायला गेली आणि निम्म्यातच थांबली.

"उरलेली काढून घे," ती म्हणाली. "आन् माझ्या दहाव्याला मिशीला हात लावू नगंस. भावकीला काय सांगायचं ते मी जिती हाय तवर सांगून ठेवते."